आत होते तेवढ्यांची हजेरी

चार शिक्षक लग्नात एका टेबलावर आले, की नवरा-नवरीकडं कुणाचं लक्ष राहत नाही. जिलेबी पानात तशीच, आणि ह्यांचं आपलं "आमच्या शाळेत काय झालं माहितीय का?" सुरू. परवा विट्यात अशाच एका लग्नात माझ्या मामेबहिणीनं, प्राजक्तानं, मला कोपऱ्यात घेतलं. "ताई, डी.एड. करू का? मास्तरकीत काय राम राहिलाय का?" सल्ला द्यायला मी कोण? मी तिला किस्से सांगितले आणि म्हटलं, आता तुझं तू ठरव.

* * *

आमचं घर गलाईवाल्यांचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान चालवतात. विट्याकडं हे घरोघरी आहे. मला नोकरी लागली ती कोयनानगरच्या वर, डोंगरातल्या दोन शिक्षकांच्या शाळेत. आण्णा सुट्टीला गावी आले होते. त्यांनी मोबाइलवर नकाशा बघितला आणि हातातला चहा खाली ठेवला.

"भूकंपाच्या मुलखात एकटी पोरगी धाडू व्हय?"

दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी आईनं तोडगा काढला. दिवाळीपर्यंत बघायचं. जमलं तर ठीक, नाहीतर आण्णा येऊन बॅग उचलणार आणि मी दुकानात कॉम्प्युटरवर बसणार. मी तोऱ्यात हो म्हटलं. आतून मात्र चांगलीच टरकले होते.

* * *

पहिला दिवस. मी नवी साडी नेसून, पाठाचं टाचण काढून, फळ्यावर सुवाच्य अक्षरात सुविचार लिहून तयार. पहिलीतली तनू नावाची एवढीशी पोरगी पुढं आली. मला वाटलं, फूल देतीय.

"बाई, तुमी कवा जाणार?"

"अगं, आजच आले की मी!"

"व्हय, पर आदल्या बाईबी आसंच म्हणल्या हुत्या."

मी सुविचार पुसला आणि अ आ इ ई लिहायला घेतलं.

* * *

शाळेत फोन लागतो तो फक्त झेंड्याच्या खांबापाशी. इंटरनेट पाहिजे असेल तर मागचा डोंगर चढायचा. एकदा ऑनलाइन प्रशिक्षण निघालं, विषय होता शिक्षकांचा ताणतणाव कसा कमी करावा! आमचे मुख्याध्यापक कदम सर पूर्वी फौजेत होते. आदेश म्हणजे आदेश. ते पुढं, मी मागं, भर उन्हात डोंगर चढलो. वर पोचलो आणि फोन जोडला, तर तिकडून मॅडम गोड आवाजात सांगत होत्या, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, जोरात सोडा.

आमचं दोघांचं ते आधीपासूनच चाललं होतं. भाता हलावा तशी छाती हलत होती.

मॅडम खूश झाल्या. "पाटण तालुक्यातले ते दोघं बघा, किती मनापासून करताहेत!"



* * *

शाळेत दुपारचं जेवण सुमन मावशी शिजवते. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव बघायची, असा नियम आहे. पहिल्या आठवड्यात मी घासभर आमटी-भात खाल्ला, तर तनू समोर उभी. हलेचना. माझ्या तोंडाकडं टक लावून बघतीय. मी म्हटलं, बाळा, जा की रांगेत. ती जाईना. मी पाणी प्यायले, ढेकर दिला, तेव्हा कुठं ती स्वयंपाकाच्या खोलीकडं वळून ओरडली.

"मावशे, बाईंला काय बी झालं न्हाई! वाढ आता!"

तेव्हापासून रोज तसंच. मी जिवंत आहे ह्याची खात्री तनू करते आणि मगच पंगत बसते.

* * *

पहिला धक्का बसला तेव्हा मी फळ्याकडं तोंड करून होते. पत्रे खडखडले, खडूचा डबा खाली आला. मी खडू धरून तिथंच उभी. पोरं मात्र दप्तर डोक्यावर धरून, रांगेत, शाळा सुटल्यासारखी बाहेर चालली. चौथीतली एक जण मला जाता जाता म्हणाली, "चला बाई, ह्यो बारका हाय."

बाहेर झेंड्यापाशी रांगा लागल्या आणि कदम सरांनी हजेरी सुरू केली. त्यांचा नियम एकच. आत होते तेवढ्या सगळ्यांची नावं घ्यायची, मग तो पोरगा असो, स्वयंपाकीण असो, नाहीतर पाव्हणा. शेवटचं नाव हजर झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोरं झाली. सुमन मावशीनं हातातला डाव वर करून "हजर" म्हटलं. मग माझं नाव आलं. मी आपली अजून शाळेच्या पत्र्याकडंच बघत होते. सरांनी परत पुकारलं. सगळी शाळा माझ्याकडं बघत उभी.

मावशी म्हणाली, "आवं बाई, हजर म्हना की. आमटी करपतीया."

* * *

हसले मी तेव्हा, पण त्या रात्री खोलीवर ढसाढसा रडले. घरची आठवण, ती भीती, आणि दुसरीतली निम्मी पोरं अजून जोडाक्षराला अडत होती. वाटलं, आपल्याच्यानं हे होणार नाही. आण्णांचं बरोबर होतं. दिवाळी तोंडावर आली आणि मी खरोखरच बॅग भरून ठेवली. दिवाळीसाठी गावी आलेल्या आण्णांना सांगितलं, या न्यायला.

आण्णा सकाळच्या एस.टी.नं आले. कदम सर पाटणला मीटिंगला गेले होते, म्हणून शाळा माझ्या एकटीवर. आण्णा मागच्या बाकावर तनूच्या शेजारी मांडी घालून बसले आणि घड्याळ बघायला लागले. मी तेराचा पाढा घेत होते.

तेवढ्यात पत्रे खडखडले.

आण्णा उठले ते थेट माझ्याकडं धावायला. तनूनं त्यांचं बोट धरलं. "आजोबा, पळायचं न्हाई. रांगंत या." सोन्याची भट्टी अंगावर घेणारा माझा बाप त्या पोरीच्या मागं गुमान चालायला लागला. मी दोन्ही वर्ग बघितले, मावशीला बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. आण्णांचा चेहरा पांढराफटक होता. तनू त्यांना समजावत होती, की बाई नाव घेतील, तवा हजर म्हणायचं, तवर हलायचं न्हाई.

मी हजेरी सुरू केली. आवाज कापला नाही, ह्याचं मलाच नवल वाटत होतं. दुसरी झाली, तिसरी झाली, आणि झेंड्याच्या खांबापाशी आण्णांचा फोन वाजला. आई होती. तिचा आवाज मला लांबून ऐकू आला. "आवं, पोरीची बॅग घेतली का? निघालाय का न्हाई अजून?"

आण्णा रांगेतून तसूभर हलले नाहीत. फोनवर हात धरून हळूच म्हणाले,

"थांब गं जरा. हजेरी चाललीया. माझं नाव यायचं हाय अजून."