स्टिअरिंगचा समोर दिसणारा स्क्रू

गॅरेजच्या जॉबकार्डापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेले नाही, तेव्हा या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागतो. चूक माझी होती. ती निदान मीच सांगावी, एवढेच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. प्रधानकाका त्यांची चाळीस वर्षांची इंग्लिश गाडी घेऊन मीरा रोडच्या माझ्या गॅरेजमध्ये आले. आठ दिवसांनी त्यांची मुलगी याच गाडीतून घोडबंदरच्या वळणांवरून ठाण्याला सासरी जायची होती.

"चार बोटं स्टिअरिंग फिरवलं तरी ही सरळच जाते," काका म्हणाले. "माझं ऐकतच नाही."

अशा मोकळ्या फिरण्याला आम्ही 'प्ले' म्हणतो. स्टिअरिंगच्या दांड्याखाली गिअरचा एक डबा असतो, त्यावर ॲडजस्टिंग स्क्रू. बॉनेट उघडले की तो समोर दिसतो. त्याची खाच झिजलेली होती, म्हणजे माझ्याआधी अनेकांनी तो आवळला होता. ते मला तेव्हाच खटकायला हवे होते. मीही आवळला. प्ले कमी झाला.

गाडी चालवून पाहायला आम्ही निघालो, काका चालवत होते. काशिमीऱ्याजवळच्या वळणावर स्टिअरिंग वळले ते परत येईना. काकांनी दोन्ही हातांनी ओढून गाडी सावरली.

"आधी ऐकत नव्हती, आता रुसली," ते हसले. मग हळूच म्हणाले, "मागे मुलगी बसणार आहे हो."

परत येऊन मी जास्त आवळलेला स्क्रू सैल केला. खरी तपासणी दोघांची असते. गाडी जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे. मी गॅरेजमध्ये एकटा. वडीलधाऱ्या ग्राहकाला कामाला लावणे मला जड गेले होते, म्हणून मी स्क्रूवर भागवले होते.

"काका, जरा आत बसून स्टिअरिंग हलवत राहाल का?"

"एवढंच? मग मघापासून चहा काय पाजताय!"

तिसऱ्या सांध्यावर बोटाला धक्का लागला. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याला पलीकडून आधार देणारा 'आयडलर आर्म' होता तो. त्याचा पितळी बुश, म्हणजे सांध्याच्या आतली गोल नळी, झिजून अंडाकृती झाला होता. बाजारात मिळेना. भाईंदर पूर्वेच्या लेथवाल्याने नवा कातून दिला. "ये गाडी तो मेरे बाप से भी बूढ़ी है," एवढेच तो म्हणाला.

पाठवणी करून परतताना काका गॅरेजपाशी थांबले.

"कशी चालली?"

"गाडी छान ऐकत होती. मलाच मधूनमधून समोरचं दिसत नव्हतं."

हाताशी येणारा स्क्रू आणि खरा बिघाड एकाच जागी असतील असे नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. शिकलो त्या दिवशी. तुमच्या गाडीचे स्टिअरिंग सैल झाले तेव्हा मेकॅनिकने तुम्हाला आत बसून ते हलवायला सांगितले होते का?