मेंढरांची वाट आणि माझा बांध

मी शहरात, गारखेड्यात राहतो आणि चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वडिलांनी ठेवलेली थोडी जमीन पैठण रस्त्यापासून आत आहे. तिथं मी फक्त रविवारी जातो, आणि शेतीतलं मला तेवढंच कळतं.

आमच्याकडं मेंढरांचा कळप रात्रभर शेतात बसवायची जुनी पद्धत. लेंड्या मातीत मुरतात, मेंढपाळाला धान्य मिळतं. पूर्वी जो तो आपल्यापुरता कळप बोलवायचा आणि त्यावरून शेजाऱ्याशी भांडायचाही. मग शहर वाढलं. पडेगावच्या बाजूनं कळप यायचे त्या वाटेवर प्लॉटिंग झालं, कंपाउंडच्या भिंती आल्या. त्यात दुष्काळ. पाण्याची खात्री नाही म्हटल्यावर मेंढपाळ आमच्याकडं वळेनासे झाले. माती नुसत्या युरियावर राहिली आणि वर्षागणिक कडक होत गेली.

ती वाट दुसऱ्या बाजूनं पुन्हा सुरू केली माझ्या बांधशेजाऱ्यानं. एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. मोटारसायकलवर गावोगाव फिरून तो लोकांना सांगायचा, "एका गावानं बोलावून कळप येत नसतो. गाडीला थांबे लागतात तसे ह्याला बी लागतात. मधला एक थांबा पडला की गाडी रद्द."

त्यानं गावं जोडली, सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं मेंढरांना पाणी द्यायचं. ज्याच्याकडं नाही त्यानं वेचून झालेली कपाशी उपटायची नाही, मेंढरांना चरायला ठेवायची. ज्वारी सगळ्यांनी मिळून द्यायची. आणि दिवाळीपासून कळप जाईपर्यंत वाटेवरच्या कुणीही तणनाशक मारायचं नाही. आधी आमच्याच शिवारातली दोन-चार शेतं होती, मग शेजारची गावं आली, मग त्यांच्या पलीकडची. माझ्या शेतात कळप दोनदा बसला आणि कुळव मऊ चालायला लागला. थोडासा पाऊस झाला तरी ओल टिकायची. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मी फक्त हो म्हणालो होतो.

तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. उशिरा आलेल्या एका सरीवर बांधाला तेवढं गवत उगवलं. त्याच दिवसांत एक प्लॉटिंगवाला माझ्याकडं यायला लागला. म्हणाला, "पार्टी येणार आहे साहेब. बांध साफ ठेवा, जमीन उठून दिसली पाहिजे." विकायचं माझं ठरलं नव्हतं. नाही म्हणायचंही ठरलं नव्हतं. रविवारी मी पंप पाठीला लावला आणि बांधावर तणनाशक मारलं. नियम माहीत असून मारलं. बांध म्हणजे काही शेत नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

कळप दोन गावांवर आल्याचं कळलं तेव्हा माझी झोप उडाली. शेजाऱ्याला फोन केला.

"जय भीम. बोला स्टोअरकीपर."

मी सांगितलं.

"मेंढरू मरंल की ओ," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय."

"मला सांगून काय? मावशीला सांगा. तिची हायती मेंढरं."

मावशी म्हणजे कळपाची कारभारीण. नवरा गेल्यापासून सगळं तिच्या शब्दावर चालायचं. शेजारी मला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. ती घोड्यावरचं ओझं आवळत होती. तिनं माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांधावर कशाला मारलं दादा? बांधावर पेरता व्हय तुमी?"

मग प्लॉटिंगवाल्याचंही सांगावं लागलं. शेजाऱ्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं. तो माझ्याकडं बघायचं सोडून घोड्याकडं बघत राहिला.

तिचा थोरला म्हणाला, "आये, फिरव कळप. एकानं मारलंय म्हंजे अजून कितींनी मारलं आसंल, कोणाला ठावं?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. पुढची सगळी गावं पाणी भरून, कपाशी उभी ठेवून बसली होती, आणि कळप माझ्यामुळं माघारी फिरणार होता. मावशी मात्र म्हणाली, "ह्यानं सांगितलं तर खरं. बाकीच्यांना बी इचारा. उद्या दुपारपोतर जो सांगंल त्याचं रान सोडून जाऊ. न सांगता कोणाच्या रानात मेंढरू पडलं, तर आमी पुन्हा ह्या वाटंला नाय."

शेजारी म्हणाला, "ग्रुपवर तुमच्याच आवाजात टाका. माझा आवाज लोकांनी एसटीत लई ऐकलाय, 'पुढं सरका, पुढं सरका.' कोणी सरकत नव्हतं."

मी बोललो, सगळं. मग पुढच्या गावातल्या एकाचा फोन आला. त्यानं पाइपलाइनच्या कडेनं मारलं होतं. मग दुसऱ्याचा. त्याच्या पोरानं त्याला न विचारता मारलं होतं. तिसऱ्यानं शब्द न लिहिता रिकाम्या डब्याचा फोटो टाकला. त्या तिघांचे उपकार मी अजून मानतो. त्यांना कोणी पकडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यानं मातीत बोटानं वाट नव्यानं आखली. आमची चारही शेतं वगळली आणि ज्यांची पाळी त्या वर्षी नव्हती त्यांनी थांबे दिले. मावशीनं वाकून त्या रेघा बघितल्या आणि घोड्याचा लगाम धरला.

कळप आमच्या शिवारात आला त्या दिवशी मी रजा टाकली. मला काम मिळालं होतं. काठी घेऊन स्वतःच्या बांधावर उभं राहायचं आणि एकही मेंढरू आत येऊ द्यायचं नाही. ज्यांची वर्षभर वाट बघितली त्यांनाच मी हाकलत होतो. शेजारी त्याच्या शेतातून ओरडला, "ओ स्टोअरकीपर! गेटपास बघून सोडा!" सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात प्लॉटिंगवाल्याचा फोन वाजला. 'विकायचं नाही' असं मला तेव्हाही ठासून सांगता आलं नाही. "या वर्षी नको," एवढंच म्हणालो.

कळप शेजाऱ्याच्या शेतात जाळीच्या कुंपणात बसला. मावशी माझ्याजवळ आली, पिवळ्या पडलेल्या गवताकडं बघितलं आणि म्हणाली, "पुढल्या साली राहू द्या तसंच. आमी साफ करून देतो की, फुकट." मग हातावर भाकरी ठेवली. वर मिरचीचा ठेचा.

मी तिथंच, माझ्या बांधावर बसून ती खाल्ली. दिवसभरात मला कोणीही घरी जा म्हणालं नव्हतं.