कवितेतल्या वहिनी

वहिनींना सरळ प्रश्न विचारला की उत्तरादाखल प्रश्नच यायचा. “वहिनी, बरं नाही का?” “तुम्हाला काय वाटतं?” “या वर्षी सुट्टीत नाशिकला जाणार ना?” “का हो, काही मागवायचंय का?” ताकाला तूर म्हणून लागू द्यायच्या नाहीत. मी जात्याच संशयी. अशी बाई समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मला झोप कशी लागणार?

त्यात त्या कवितेतल्या. एका नावाजलेल्या प्रेमकवीच्या पहिल्या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत त्यांचं माहेरचं नाव छापलेलं होतं. दोघं नाशिकला एका कॉलेजात होते, एवढं सगळ्यांना ठाऊक. पुढचं ज्याने त्याने आपापलं रचलं. नव्वदचं दशक संपता संपता वहिनी दोहात, आमच्या बिन महमूद वस्तीत आल्या तेव्हा आमच्यातल्या बायका आपापल्या नवऱ्यांवर लक्ष ठेवू लागल्या. वास्तविक वहिनी दिसायला चारचौघींसारख्या, आणि भेंडीची भाजी तर त्यांना कधीच जमली नाही.

मग कवीला मोठा पुरस्कार मिळाला आणि वारं फिरलं. ज्या वहिनींना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर खल व्हायचा, त्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसू लागल्या. सेक्रेटरी पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, “या आमच्या दोहाच्या, बरं का!” एकदा त्यांनी वहिनींपुढे माइक धरला आणि एखादी कविता म्हणा म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “मला एकही पाठ नाही.” टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. एकही पाठ नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

पाठ होत्या त्या भाऊंना, म्हणजे वहिनींच्या यजमानांना. गॅस कंपनीत इंजिनिअर, मितभाषी माणूस. दर सुट्टीत ते त्या कवीचं नवं पुस्तक आणायचे आणि पाइपलाइनचं ड्रॉइंग तपासावं तसं ओळ न् ओळ वाचायचे. कशासाठी, ते मी एकदा विचारलं. “कुठवर आलाय ते बघतो,” म्हणाले.

आणि एका दिवाळीला तो खरोखरच वहिनींच्या बाल्कनीपर्यंत आला. कुणाच्या तरी सामानातून दिवाळी अंक आला, त्यात कवीची नवी कविता. वाळवंटातली एक बाई खजुराच्या डब्यात तुळस लावते, एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून ती जगवते आणि पहाटे तिच्याशी बोलत बसते. आम्ही सगळ्यांनी त्या बाल्कनीत चहा घेतलेला होता. डबा तोच, बादली तीच. नाशिकच्या माणसाला हे सांगितलं कुणी? पहाटेचं तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे बाईच फोन करत असणार! खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, वहिनींना फोनकार्ड घेताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माहेरी फोन आम्हीही करायचो, पण आम्ही कुणाच्या कवितेत नव्हतो.

पहिली रांग गेली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. भाऊंना मात्र घरोघरी जेवायला बोलवत, पाठीवर हात ठेवत. ते मान खाली घालून जेवत. वहिनी मला जिन्यात भेटल्या की पहिल्यासारख्याच हसायच्या. त्या हसण्याचाही मला संशय यायचा. तरी पोर आजारी पडलं की मी त्यांचंच दार वाजवायची, आणि त्याही कधी दुसऱ्या हाकेची वाट बघायच्या नाहीत.

अशी काही वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाले, कायमचं परत जायचं ठरलं. मंडळाने निरोप समारंभ केला, तो भाऊंसाठी. सेक्रेटरी बोलायला उठले. “भाऊंनी जे सहन केलं ना, हॅट्स ऑफ! दुसरा कोणी असता तर...”

भाऊ ताडकन उभे राहिले.

“तुळशीचं मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “सुट्टीत त्याच्या घरी गेलो होतो भांडायला. म्हटलं, आता खलास, हिच्यावर लिहिणं बंद करा. ही माझ्या घरी सुखात आहे, एसीच्या पाण्यावर तुळस जगवते, पहाटे तिच्याशी गप्पा मारते. तुम्हाला काय माहीत आहे हिचं? त्याने चहा पाजला. आणि लिहिलं. तुम्ही हिला बोल लावलात, आणि मी गप्प जेवलो.”

सेक्रेटरी खाली बसले.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मला माहीत होतं. पहाटे मी काय बोलते ते घरात दुसरं कोण ऐकणार?”

“अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मला राहवलं नाही.

“हे माझ्यासाठी भांडायला गेले, ते मी कशाला चव्हाट्यावर आणू? यांनीच सांगायला हवं होतं.” इथे त्यांचा आवाज फुटला. “रोज वाटायचं, आज सांगतील.”

भाऊ रुमालात तोंड लपवून रडत होते. ही बाई मनातून कुणाची तरी वाट बघते आहे, असं मी बिन महमूदभर सांगत फिरले होते. ते खोटं नव्हतं. ज्याची वाट बघत होती, तो रोज तिच्या समोरच जेवायला बसत होता.