टिकाऊकाकूंचं घर

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसायचा. ज्या टेबलावर त्याच्यापुढे चहा यायचा ते मुळात एक दार होतं, पितळी मुठीसकट चार पायांवर आडवं निजवलेलं. भिंतीवर ज्या लोखंडी नक्षीला झारे आणि पळ्या लटकत, ती एका मोडक्या पलंगाची उशाकडची बाजू. खिडकीत ओळीने चहाच्या किटल्या, आणि त्यांत चहाऐवजी माती आणि रोपं. पलंगाशेजारी एकावर एक रचलेल्या सूटकेस म्हणजे चादरींचं कपाट. छताला आडवी टांगलेली शिडी कपडे अडकवायला. आणि खोलीच्या दारामागे एक भलामोठा पडदा, जुन्या शर्टांचे खिसे कापून त्यावर शिवलेले. एका खिशात कात्री, एकात कंगवा, एकात विजेची बिलं.

हे सगळं करणाऱ्या बाईंना अख्खी इमारत टिकाऊकाकू म्हणायची. टाकाऊतून टिकाऊ करतात म्हणून टिकाऊकाकू. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

काकू एका मोठ्या हॉटेलात चादरी-पडद्यांच्या खोलीत शिवणकाम करायच्या. हॉटेलात वस्तू जुनी व्हायच्या आतच बाद होते. जरा विरलेला पडदा, टवका उडालेली किटली, कुणी पाहुणा विसरून गेलेली सूटकेस, असं सगळं मागच्या दाराने कचऱ्याच्या गाडीकडे निघायचं आणि वाटेत काकू उभ्या असायच्या. सुरुवातीला त्यात हौस वगैरे काही नव्हती. लग्न झालं तेव्हा संसार म्हणजे एक स्टोव्ह आणि एक गादी. कपाट घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सूटकेसचं कपाट झालं. पुढे ऐपत आली, पण तोवर हाताला चटक लागली होती. इमारतीत कुणाला जागेची अडचण झाली की काकूंना बोलावणं जायचं. काकू कमरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, आधी माळ्यावरचं सगळं खाली काढा, दुकानात मग जाऊ.

काका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. खिडकीशी कामगार आला, त्याने वस्तूचं नाव घेतलं, की काका मागे वळूनही न बघता खणात हात घालायचे आणि नेमकी तीच वस्तू बाहेर काढायचे. कारखान्यात असा दरारा असलेला माणूस घरी मात्र बायकोच्या राज्यात गुपचूप नांदायचा. पाहुण्यांना ते सांगत, "या घरात मूळच्या कामावर राहिलेला मी एकटाच."

"थांबा जरा, तुमचंही काहीतरी बघते," काकू आतून म्हणायच्या.

काका निवृत्त झाले आणि काही वर्षं बरी गेली. मग एका सकाळी करपल्याचा वास आला म्हणून काकू धावत स्वयंपाकघरात गेल्या, तर काका गॅसपाशी शांत उभे. शेगडीवर खिडकीतली किटली. रोप कोमेजून एका बाजूला कललेलं, माती भाजून निघत होती, आणि काका उकळी फुटायची वाट बघत होते. काकू पोट धरून हसल्या. काकाही हसले. तो किस्सा काकूंनी जिन्यात सगळ्यांना रंगवून सांगितला. खालच्या मजल्यावरचा वायरमन तर पुढे कितीतरी दिवस काका दिसले की विचारायचा, काका, आज कुठल्या झाडाचा चहा?

त्यानंतर एकदा काकू बाजारातून आल्या तेव्हा काका बूट घालून दाराशी बसले होते. मांडीवर पलंगाजवळची सूटकेस, आणि चादरींचा ढीग जमिनीवर. त्यांनी विचारलं, गाडी किती वाजता सुटते. काकूंनी विचारलं, कुठली गाडी? काका ओशाळले. काकूंनी चादरी घड्या करून परत ठेवल्या, पण हा किस्सा त्यांनी जिन्यात सांगितला नाही.

आणि मग टेबलाचं झालं. दुपारची वेळ होती. काकू ताटं घेऊन आल्या तर काका टेबलावर टकटक करत होते. थांबायचे, कान लाकडाला लावायचे, पुन्हा टकटक. मूठ फिरवून बघायचे. मूठ फिरायची, कारण काकूंनीच ती तेल घालून ठेवली होती.

"अगं, आत कुणीतरी आहे," ते म्हणाले. "मघापासून वाजवतोय. उघडत नाहीत."

त्यांच्या कपाळावर घाम होता. काकूंनी ताटं खाली जमिनीवर ठेवली आणि काकांना हाताला धरून खिडकीशी नेलं.

डॉक्टर समजुतीचे होते. त्यांनी सांगितलं की मेंदूचा हा आजार मागे फिरत नाही. वरवरचं आधी पुसलं जातं, जुनं खोलवर मुरलेलं असतं, ते बराच काळ राहतं. औषध दिलं, पण त्याचा फारसा भरवसा दिला नाही. निघताना म्हणाले, घरातल्या वस्तू त्यांना ओळखू येतील अशा ठेवा. काकू रस्ताभर ते एकच वाक्य घोळवत घरी आल्या.

काकूंना एकच काम येत होतं, तेच त्यांनी दुप्पट जोमाने सुरू केलं. डब्यांवर चित्रं चिकटवली. साखरेवर चमचा, साबणावर बादली. पडद्यावरच्या प्रत्येक खिशाला वेगळ्या रंगाची पट्टी शिवली. चष्म्याला, किल्लीला, औषधाला ठरलेली जागा केली. हॉटेलातले जुने जेवायचे काटे वाकवून त्यांचे हूक केले आणि फळीवर ठोकले. काकांनी जेवताना त्यातला एक उपटून काढायचा प्रयत्न केला आणि बोट कापून घेतलं. चित्रं त्यांनी नखांनी खरवडून काढली. ते चिडून करत नव्हते. स्टोअरमध्ये चुकीची चिठ्ठी लागलेला माल दिसला की जसं करायचे, तसंच गंभीरपणे करत होते. एके दिवशी खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी सगळीकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज कापायला लागला.

"हे सगळं चुकीच्या खणात आहे. एकही वस्तू जागेवर नाही. कुणी केलं हे?"

काकू खाली पडलेली चित्रं गोळा करत राहिल्या.

"तपासणीला साहेब आले तर मी काय सांगू त्यांना?"

त्या क्षणी काकूंना डॉक्टरांचं वाक्य कळल्यासारखं वाटलं. काकांना दार ओळखू येत होतं, किटली येत होती, सूटकेस येत होती. ओळखू येत नव्हतं ते काकूंनी त्यांचं केलेलं. मग केलेलं काढायला हवं. काकूंनी वायरमनला बोलावलं.

तो पाना-पक्कड घेऊन आला आणि काम ऐकून तिथेच थबकला. "काकू, सगळं?" त्याने विचारलं. त्याच्या घरातली बुटांची मांडणीही काकूंनीच पाळण्याच्या दांड्यांची करून दिलेली होती. काकू म्हणाल्या, सगळं. दोघांनी मिळून शिडी उतरवली, पलंगाची नक्षी भिंतीवरून सोडवली, दाराचे पाय काढले. पण काढलेल्या दाराचं पुढे काय करायचं? दाराला चौकट लागते, आणि घरात तशी जागाच नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलं तर काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. शेवटी वायरमनने ते खांद्यावर घेऊन खाली नेलं. पाठोपाठ शिडी गेली, सूटकेस गेल्या. पलंगाची नक्षी भंगारवाल्याने नेली. काकूंच्या आयुष्यात भंगारवाला त्यांच्या दारातून पहिल्यांदाच भरल्या हाताने बाहेर पडला. जिन्यात शेजारणी उभ्या होत्या, त्यांनी सरकून वाट दिली.

किटल्यांतली रोपं काकूंनी शेजारी वाटली. एक किटली घासूनपुसून लख्ख केली आणि काकांपुढे ठेवली. काका खूश झाले. त्यांनी स्वतः पाणी भरलं, आणि भरता भरता ओट्यावर ओहोळ लागला. पाणी निचरावं म्हणून काकूंनीच तिच्या बुडाला भोकं पाडली होती, प्रत्येक किटलीच्या. वायरमनने एकीचं बूड कथलाचा डाग देऊन बुजवायचा प्रयत्न केला. विस्तवावर ठेवल्यावर तो डाग सुटला. काकू म्हणाल्या, राहू दे रे.

खिशांचं त्याहून वाईट. काकांना कपाटात त्यांचा कारखान्याचा खाकी शर्ट सापडला. अंगात घातला, सवयीने हात छातीशी नेला, आणि हात घसरून खाली आला. खिशाच्या जागी फक्त गडद रंगाचा चौकोन होता, बाकीचं कापड विटलेलं.

"माझा खिसा कुणी कापला?" त्यांनी विचारलं. "पेन कुठे ठेवू मी?"

काकूंनी पडद्यावरून तो खिसा उसवला. त्यात बिलं होती, ती काढली. खिसा त्याच चौकोनावर बेतून शिवला, पहिल्या टाक्यांच्या खुणांवरून टाका घालत. आयुष्यभर लोकांच्या विरलेल्या चादरी शिवलेला हात, पण दोरा ओवायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. काकांनी खिशात पेन अडकवलं आणि दिवसभर ते सुखात होते. काकूंनाही वाटलं, जमलं. पुढच्या काही दिवसांत त्यांनी उरलेले सगळे खिसे जिथले तिथे लावले. पडद्याचं नुसतं कापड उरलं.

मुलगी परगावी असते. ती सुटी काढून आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. दोन खोल्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या. दुकानातून आणलेलं एक प्लॅस्टिकचं कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतींवर खिळ्यांची भोकं.

"आई, हे काय केलंस?"

"त्यांना ओळखू येत नव्हतं गं," काकू म्हणाल्या.

मुलगी चार दिवस राहिली. दोघांनाही घेऊन जाते म्हणाली, पण तिचं घर तर काकांना अजूनच परकं. तिलाही ते कळत होतं. जाताना तिने काकांना मिठी मारली तेव्हा काकांनी तिला आदराने विचारलं, आपण कुठल्या विभागातून आलात. ती जिना उतरताना रडत होती. काकू कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या. खाली जाऊन तिला जवळ घ्यावं तर मागे काका एकटे.

तरी काही आठवडे घर शांत होतं. टकटक थांबली. काका प्लॅस्टिकचं कपाट उघडायचे, बंद करायचे, खुर्चीवर बसायचे. मग एका संध्याकाळी ते उठले, चपला घातल्या आणि काकूंना म्हणाले, "बरं, येतो मी. घरी वाट बघत असतील."

आजवर ते काकूंना "अगं" म्हणत आले होते. पुढचं वाक्य असं होतं: "तुम्ही फार केलंत, बाई."

काकूंनी हळू आवाजात सांगितलं की हेच तुमचं घर. काकांनी भल्या माणसाच्या चुकीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघून स्मित केलं.

"छे हो. आमच्या घरात एवढी मोकळी जागा कुठली. आमच्याकडे पाय ठेवायचा तर बघून ठेवावा लागतो. आमची मंडळी काही टाकू देत नाही."

काकू खुर्चीवर बसल्या. दार वायरमनच्या मेव्हण्याने नेलं होतं, नक्षी वितळूनही गेली असेल. परत मांडायचं म्हटलं तरी काय मांडायचं, आणि मांडलं तर पुन्हा टकटक सुरू होणार नाही याचा तरी काय भरवसा? कुणाला विचारावं असंही कुणी नव्हतं. घर कसं लावायचं हे आजवर सगळे त्यांनाच विचारत आले होते.

"चला, मी सोडते तुम्हाला घरी," शेवटी त्या म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं निघतात. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत, तिथून शाळेच्या भिंतीकडेने, आणि फिरून पुन्हा इमारतीशी. एखाद्या दिवशी काकांना फाटक ओळखू येतं आणि ते भराभर जिना चढतात, दार उघडून म्हणतात, पोचलो बुवा. बहुतेक दिवशी ओळखू येत नाही. मग काकू त्यांना पायरीवर बसवतात, स्वतः शेजारी बसतात. काका परक्या बाईपासून ठेवावं तेवढं अंतर ठेवून बसतात. आपल्या बायकोबद्दल सांगतात, ती हॉटेलात शिवणकामाला आहे, हाताने फार गुणी आहे, आता येईलच सुटून. काकू हो म्हणतात.

काल बराच वेळ ते उठायला तयार होईनात. अंधारून आलं. वायरमन कामावरून परतला, त्याने दोघांना पायरीवर पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग वाकून म्हणाला, "चला काका, वर लाइट गेलीय, जरा बॅटरी धरता का माझ्यासाठी?"

काका लगेच उठले. वायरमनने त्यांच्या हातात बॅटरी दिली, आणि ते पुढे, हा मागे, असे दोघं पायरी पायरीवर उजेड टाकत वर गेले. काकूंनी त्याची पिशवी उचलली. ती जड होती. कठड्याला धरून त्याही निघाल्या.