म्हणे सोय नव्हती

मंडळी, दुपारी आपल्या शाळेच्या पालक समितीची बैठक झाली. माध्यान्ह आहाराचं कंत्राट सुमनवहिनींच्या बचत गटाकडे ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. वहिनींचं घर त्या चुलीवर चालतं.

"कालची भाजी बेचव का होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"सोय नव्हती सायबा, नारळच मेळले नाय," वहिनी म्हणाल्या.

आपल्या डिचोलीत खवलेल्या नारळाला सोय म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मुख्याध्यापक नवे, पुण्याचे. अध्यक्ष मुद्दाम त्यांच्याकडे वळले. "ऐकलंत? बाईच सांगते, सोय नाही. मग मुलांना जेवण कसं देणार?"

थट्टा समजून आधी वहिनीच हसल्या.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, पण शब्दाच्या बाबतीत कोणाला सोडत नाही. उभा राहिलो आणि मुख्याध्यापकांना अर्थ सांगितला.

"बस रे, बिनपदवीच्या पंडिता!" अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं. "काय रे, सोय म्हणजे नारळ?"

"म्हाका खबर ना, ठाऊक नाय," एक म्हणाला. मग दुसरा. वहिनींची सख्खी जाऊसुद्धा, पदराशी चाळा करत, "म्हाका खबर ना."

माझा हात सोडून सगळे हात वहिनींच्या विरोधात वर गेले. कंत्राट अध्यक्षांच्या मेव्हण्याला मिळालं.

ते सगळे हातवाले या ग्रुपवर आहेत. आज रात्री ताटात बिनसोयीचं माशाचं हुमण आलं, तर बायकोलाही घराबाहेर काढणार का?