काजूच्या कारखान्यातलं आजचं गाऱ्हाणं

मंडळी, आत्ताच कामावरून आलेय आणि अजून शिसारी जात नाहीये.

आमच्या काजूच्या कारखान्यात आम्ही बायका एकमेकींना खेटून काजू सोलायला बसतो. परवा दोघी कोरोनाने आजारी पडल्या. बाकं लांब लांब लावा आणि मास्क द्या, एवढंच मालकाला सांगायला आम्ही युनियनच्या अध्यक्षांना बोलावलं होतं.

ते आज आले. मालकाला लवून नमस्कार केला, गेटपाशी नारळ ठेवला, आम्हा सगळ्यांना दाटीवाटीने उभं केलं आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लागले. "बा देवा म्हाराजा, ह्यो रोग आमच्या कामगारांच्या वाटेक येत आसात, तर तो थंयच थोपव रे म्हाराजा!"

सवयीने आम्हीही तोंड भरून ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. अध्यक्ष मालकाच्या केबिनमध्ये चहा प्यायला गेले. बाकांचं विचारायला मी मागोमाग गेले, तर मला दारातच अडवून म्हणाले, "बाय, लांब रव. कोरोना आसा मा?"

मी परत त्याच बाकावर येऊन बसले, तशीच खेटून. शेजारची सुमन काजू सोलता सोलता म्हणाली, "देवाक सांगून झाला. आता मालकाक कोण सांगतलो गो?"