कॅप्टनची शस्त्रपूजा

कॅप्टनशी हात मिळवला की पुढचा तासभर आपल्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत राहायचा. त्याच हातांनी तो पोहे वाढायचा, त्याच हातांनी पाठीवर थाप मारायचा. सैन्याशी त्याचा संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता. दिवसा तो सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचा आणि शनिवारी पिस्तूल क्लबात जायचा. ‘कॅप्टन’ हे नाव आम्ही वेंटवर्थव्हिलच्या मित्रमंडळींनी चेष्टेनं ठेवलं होतं. त्याने ते छाती फुगवून घेतलं.

माणूस वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. मी शिकायला सिडनीत उतरलो तेव्हा विमानतळावर न्यायला तोच आला होता. गिरावीनच्या त्याच्या घरात मी कित्येक महिने राहिलो. पुढे वहिनी कॅन्सरने गेल्या तेव्हा त्यांची लेक ईरा तिसरीत होती. व्हिडिओ बघून बघून हा बाप वेण्या घालायला शिकला. सुरुवातीला एक वेणी कानावर आणि एक मानेवर असायची, पण पोरीला त्याने एक दिवसही विस्कटलेल्या केसांनी शाळेत पाठवलं नाही.

मग ऑफिसातल्या कुणीतरी त्याला क्लबात नेलं आणि गडी कामातून गेला. लायसन्स रीतसर होतं, गॅरेजमध्ये जमिनीला ठोकलेली तिजोरी होती, सगळं कायदेशीर. शनिवारच्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, क्लबातले दोघे चहाला यायचे आणि जुन्या घडणीच्या पिस्तुलांची तुलना सुरू व्हायची. त्यातला इथलाच म्हातारा म्हणायचा, “प्लास्टिक इज फॉर लंचबॉक्सेस, मेट.” हैदराबादचा म्हणायचा, “यार, बेल्जियनवाली हाथ में ऐसी बैठती है, क्या बोलूँ!” कॅप्टनची लाडकी म्हणजे नाइन्टीन-इलेव्हन. “तिला कमर आहे रे, कमर!” असं म्हणून तो तिच्या पोलादावरून अंगठा फिरवायचा. तीन पोक्त माणसं डोळे अर्धवट मिटून घोडा मागे ओढल्याचा आवाज ऐकायची आणि माना डोलवायची. मला शिसारी यायची. ज्या वस्तूचं काम माणसाच्या अंगाला भोक पाडणं, तिच्या कमरेचं कौतुक हे लोक चकली खात खात करत होते.

एकदा त्याने नळी पुसायला घेतलेल्या चिंधीकडे माझं लक्ष गेलं. फिकट जांभळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. वहिनींची साडी. माझी नजर बघून तोच म्हणाला, “इतकं मऊ सुती कापड इथे मिळतं कुठे? पडूनच होती.” साडीच्या चौकोनी तुकड्यांची चळत त्याने बिस्किटांच्या डब्यात रचून ठेवली होती. ईरा शेजारी उभी होती. “दॅट्स आईज साडी,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसानंतर ती गॅरेजमध्ये आली नाही.

खंडेनवमीला त्याने कहर केला. लहानपणी त्याच्या घरी विळी, हातोडी, शिवणयंत्र यांची पूजा व्हायची. ती परंपरा चालवायची म्हणून त्याने दिवाणखान्यात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि तिघांची पिस्तुलं ओळीने ठेवून त्यांना हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ घातली. जेवायला बोलावलेल्या दोन कुटुंबांची पोरं तिथेच बागडत होती, आणि आरती संपल्यावर यांची पुन्हा तीच चर्चा, कुणाची मूठ जास्त देखणी. “अरे, आत ठेव आता ते,” मी म्हणालो. “देव उठवायचा असतो का असा? संध्याकाळपर्यंत राहू दे,” कॅप्टन म्हणाला आणि त्याच हाताने माझ्या वाटीत श्रीखंड वाढलं. मी ते खाल्लं नाही.

काही आठवड्यांनी पोलीस तिजोरी तपासायला आले. ही तपासणी नेहमीचीच होती. ईरा तेव्हा बारावीत होती आणि मी तिला गाडी शिकवायला गेलो होतो, म्हणून मीही तिथे होतो. पोलिसाने विचारलं, पिस्तुलं कायम कुलपात असतात ना? “ऑल्वेज, मेट,” कॅप्टन म्हणाला. दारात उभी असलेली ईरा शांतपणे म्हणाली, “नॉट ऑन खंडेनवमी. दे वेअर ऑन द फ्लोअर. विथ फ्लॉवर्स. देअर वेअर किड्स.”

पिस्तुलं जप्त झाली, लायसन्स अडकलं. कॅप्टनने पोरीशी बोलणं टाकलं. “घरात फितूर निघाली,” हे तो मला तिच्यासमोर सांगायचा. ज्या माणसाने तिच्या वेण्या घातल्या, त्याच्या तोंडून हे ऐकताना त्याचं थोबाड फोडावंसं वाटायचं. बारावीचा निकाल लागताच तिने ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला. तिथे स्प्रिंगफील्ड लेक्सला मावशी होती, तिच्याकडे राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो वकिलाशी फोनवर बोलत होता. त्याने तिला बोटाने ‘एक मिनिट’ अशी खूण केली. आम्ही बराच वेळ थांबलो. शेवटी विमान चुकायला नको म्हणून मीच बॅग उचलली.

सुनावणीत तो ताकीद मिळून सुटला. पिस्तुलं परत आल्यावर त्याने मला मुद्दाम बघायला बोलावलं. फाटकाबाहेरच्या गवतावर, कौन्सिलच्या कचरागाडीने उचलून न्यायच्या टाकाऊ सामानात, ईराचा पलंग उभा करून ठेवला होता. तिची खोली रिकामी केली होती आणि मधोमध नवी तिजोरी बोल्ट मारून बसवली होती. “गॅरेजमध्ये दमट होतं रे, पोलादाला सोसत नाही,” तो मायेने म्हणाला. मी चहा न घेता बाहेर पडलो. पुन्हा त्या घरी गेलो नाही.

गेल्या आठवड्यात ईराचा फोन आला. “काका, ख्रिसमसला घरी येतेय. मीच सॉरी म्हणते बाबाला, इट्स ओके. तू सांगू नकोस हं त्याला, सरप्राइज आहे. मला फक्त चार दिवस माझ्या बेडवर झोपायचंय.”